फक्त सरळ टीप मारता येते. मैत्रिणीच्या बाळासाठी घरी काय शिवता येईल?

तुमच्या यादीत टोपडं, उशी-लोडांचा सेट, मण्यांच्या डोळ्यांचा ससा आणि बाळाच्या डोक्यावर टांगायचं फिरतं झुंबर आहे. हाताशी मशीन आहे, पण सरळ टिपेपलीकडे काही येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर यादीतलं निम्मं खोडा आणि सुरुवात लाळेऱ्यांपासून करा.

दिसायला साधी वस्तू आहे, मान्य. भेट उघडताना कोणी "अय्या!" म्हणणार नाही. पण दात यायच्या सुमारास दिवसाला पाच-सहा लाळेरी भिजतात आणि तेव्हा ती कितीही असली तरी कमीच पडतात. शिवाय तिकोनी लाळेऱ्यात गोलाई कुठेच नसते, त्यामुळे सरळ टीप पुरते. 35 सेंमीचा चौकोन सुती छापील कापडाचा आणि तेवढाच टॉवेलच्या कापडाचा घ्या. दोन्ही कोपऱ्यातून कोपऱ्यात कापा. दोन लाळेऱ्यांचं कापड तयार झालं. सुलट बाजू आत ठेवून एकावर एक लावा, 1 सेंमी माया, म्हणजे शिवणीबाहेर राहणारं कापड, सोडून कडेनं टीप मारा, चार बोटं जागा उघडी ठेवा, उलटवा आणि सगळ्या कडेनं वरून एक टीप फिरवा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्रिकोणाची लांब बाजू उरेब असते, म्हणजे ती ताणली जाते. गळ्याभोवती लाळेरं छान बसतं ते त्यामुळेच, पण मशीनखाली ती बाजू ओढलीत तर लाट येते. म्हणून तिथे भरपूर टाचण्या लावा, कापड मशीनला आपसूक नेऊ द्या, आणि उलटवण्यासाठीची जागा आखूड बाजूवर ठेवा. बंद करायला टिचबटण लावा आणि तेही मानेच्या मागे न लावता बाजूला, म्हणजे बाळ उताणं झोपलं तरी टोचत नाही. दोन अंतरांवर दोन बटणं लावलीत तर वाढत्या गळ्याला तेच लाळेरं पुरतं. वेलक्रो मला इथे आवडत नाही. मान खरचटते आणि धुताना ते बाकीच्या कपड्यांना चिकटतं. नाड्या तर नकोतच. आणि मैत्रिणीला सांगून ठेवा, झोपवताना लाळेरं काढायचं.

कापड कापण्याआधी धुवून घ्या. ते पुढे जसं धुतलं जाणार आहे तसंच धुवा, गरम पाणी तर गरम पाणी. टॉवेलचं कापड साध्या सुतीपेक्षा जास्त आटतं. न धुता शिवलं की पहिल्याच धुण्यात लाळेरं मुरडतं. नव्या कापडाची खळही त्यात निघून जाते. मऊ करणारं द्रावण मात्र घालू नका, त्यानं टॉवेल पाणी कमी शोषतो.

आता झबलं. नवजात बाळाच्या मापाचं शिवायचा मोह आवरा. जन्मताना बाळाची लांबी सरासरी 50 सेंमी असते, सहा महिन्यांत ती 66 सेंमीच्या आसपास जाते. अगदी लहान मापाचं झबलं जेमतेम काही आठवडे अंगावर राहतं आणि ते मापही सगळेच जण आणतात. तीन ते सहा महिन्यांचं शिवा. डोक्यातून घालायचं नको, पुढून एकावर एक येणारं करा, कारण मान न धरणाऱ्या बाळाला गळ्यातून कपडा घालणं हे आईवडिलांच्या जिवावर येतं. मलमल घेतलीत तर 9 किंवा 11 नंबरची सुई लावा, नाहीतर कापडावर भोकं दिसतात.

शिवणी बाहेरच्या बाजूला आलेल्या चांगल्या. कड गुंफून टाकणारं इंटरलॉक मशीन नसलं तरी हे जमतं: आधी सुलट बाजू आत घेऊन अर्ध्या सेंमीवर टीप मारा, निघालेले धागे छाटा, मग कापड फिरवून उलट बाजू आत घ्या आणि त्याच शिवणीवर जरा आतून दुसरी टीप. कापलेली कड शिवणीत बंद होते आणि तिचा उंचवटा अंगाला न लागता बाहेर येतो. बंद करायला बगलेजवळ आखूड बंध चालतील, गळ्यापाशी काहीही नको. बंधांचा माझा नियम सोपा आहे: लहान मुलाच्या कुठल्याही वस्तूला वीतभरापेक्षा लांब सुटं टोक ठेवायचं नाही.

टोपडं शिवायचंच असेल तर डोक्याचा घेर माहीत हवा. जन्मताना 34-35 सेंमी, सहा महिन्यांचं झाल्यावर 43 च्या आसपास, वर्षाला 46. होजिअरीचं कापड ताणलं जातं, म्हणून घेरापेक्षा दोनेक सेंमी कमीच कापा आणि त्यासाठी बोथट टोकाची, बॉल पॉइंट सुई वापरा. साध्या सुईनं टाके सुटतात आणि माणूस उगाच मशीनला दोष देत बसतो.

उशी-लोडांचा सेट मात्र शिवू नका. कडेला लावायच्या गाद्या, मऊ लोड, उशी, जड भरलेलं पांघरूण, यातलं काहीही पहिल्या वर्षात झोपण्याच्या जागेत नसावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात; नाक-तोंड दबण्याचा धोका असतो. अमेरिकेत तर कडेच्या अशा गाद्या विकण्यावर 2022 च्या कायद्यानं बंदी आली. फोटोत त्या फार गोंडस दिसतात हे मलाही कळतं. गोधडीची हौस असेल तर ती जमिनीवर अंथरायला करा. पालथं पडायला शिकणाऱ्या बाळाला ती खूप उपयोगी पडते.

सशाबद्दल. ससा शिवा, पण मणी आणि बटणं काढून टाका आणि डोळे दोऱ्यानं भरा. बाळ त्या सशाकडे बघत बसणार नाही, ते त्याचा कान धरून चोखणार आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग तपासायला एक नळकांडं वापरतात, त्याचा व्यास 31.7 मिमी असतो. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. शर्टाचं बटण त्यात सहज मावतं. युरोपच्या खेळणी-मानकात शिवण साधारण 7 किलो वजनाच्या ओढीला टिकावी लागते, म्हणून खेळण्याला टाका 2 मिमीचा ठेवा, टीप दुहेरी मारा, आणि तयार झाल्यावर दोन्ही हातांनी कान असा ओढा की तुम्हालाच वाईट वाटेल. भरायला पॉलिस्टर फायबर. धान्य किंवा कडधान्य भरू नका, ओलं झालं की ते कुजतं आणि शिवण उसवली तर थेट तोंडात जातं.

सशाच्या गोलाया जड वाटल्या तर ठोकळा करा. 12 सेंमीचे सहा चौकोन, 1 सेंमी माया, 10 सेंमीचा ठोकळा. युक्ती एकच: कोपऱ्याच्या 1 सेंमी आधी टीप थांबवायची, टोकापर्यंत न्यायची नाही. मग तीन चौकोन एका कोपऱ्यात नीट जुळतात. एका बाजूला टॉवेल, एकीला कॉर्डरॉय, एकीला सॅटिन लावा. हाताला वेगवेगळं लागणं हीच त्यातली गंमत.

कापडी पुस्तक ही माझी सगळ्यात आवडती वस्तू आहे, कारण ते बाळाबरोबर वाढतं. नवजात बाळाला 20 ते 30 सेंमीवरचं बऱ्यापैकी दिसतं आणि काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक त्याला पटकन कळतो. म्हणून पहिली दोन पानं पट्टे आणि मोठ्या ठिपक्यांची करा. एका पानात कुरकुर आवाज करणारं प्लास्टिक घालता येतं, पण ते सुटं ठेवू नका, आतल्या कापडावर चारही बाजूंनी शिवून टाका. पुढची पानं दोन-अडीच वर्षांसाठी: मोठी चेन, एकमेकांना टिचबटणानं जोडणाऱ्या फेल्टच्या पाकळ्या, काजातून काढायचं मोठं कापडी बटण. चुंबक आणि बटणसेलवर वाजणारे तुकडे कुठल्याच खेळण्यात नकोत. गिळलेला बटणसेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो.

राहिलं झुंबर. फेल्टचे ढग-तारे कापून धावदोऱ्यानं कड शिवायची, अगदी सोपं काम. फक्त आकार खालून बघितल्यावर कळतील असे आडवे टांगा. बाजूनं बघून केलेल्या झुंबरात बिचाऱ्या बाळाला नुसत्या कडा दिसतात. हात पोचणार नाही इतकं उंच आणि पक्कं बांधा. बाळ पाच महिन्यांचं झालं किंवा त्याआधीच हाता-गुडघ्यांवर उठायला लागलं की ते उतरवायचं, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. उतरवलेले ढग-तारे दोरे कापून पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर शिवता येतात, तेव्हा पुस्तकात दोन पानं रिकामी सोडा.