सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी मेंदूला बसलेल्या धक्क्याची भरपाई मिळू शकते का?

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून नाशिकला राहते आणि एका खासगी कंपनीत लेखापाल आहे. चार महिन्यांपूर्वी पुणे-नाशिक महामार्गावर मंचरजवळ आमची गाडी उभी असताना मागून आलेल्या कारने जोरात धडक दिली. गाडी पती चालवत होते. मी शेजारी बसले होते, पट्टा लावलेला होता, तरी डोके खिडकीच्या चौकटीवर आपटले. रुग्णालयात एक रात्र ठेवले, सीटी स्कॅन नॉर्मल आला, कन्कशनचे, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचे, निदान झाले. पाच आठवडे रजेवर होते. अजूनही तासभर संगणकासमोर बसले की डोके ठणकते, आकडे लक्षात राहत नाहीत, आणि ऑडिटचे काम माझ्याकडून काढून घेतले गेले आहे. पोलिसांत गुन्हा तिसऱ्या दिवशी नोंदला गेला. समोरच्या गाडीच्या विमा कंपनीचे अधिकारी म्हणतात, ‘स्कॅनमध्ये काहीच नाही, चाळीस हजार घ्या आणि सही करा.’ काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, सही करू नये. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १४९ खाली विमा कंपनी तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकते. मात्र त्या मार्गाने कलम १६४ ची भरपाई स्वीकारली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयापुढील, दावा संपुष्टात येतो, असे कलम १६६ मध्येच लिहिलेले आहे. आपल्यापुढे ठेवलेला कागद नेमका कोणत्या कलमाखालचा आहे, हे वकिलाने वाचल्याशिवाय तो परत देऊ नये. तुलनेसाठी एवढे लक्षात घ्यावे की, कोणाची चूक हे सिद्ध न करताही कलम १६४ गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देते. वीस दिवस नेहमीचे काम करता न येणे ही भारतीय दंड संहितेतही गंभीर दुखापतच होती, आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने ती मुदत पंधरा दिवसांवर आणली आहे. आपण पाच आठवडे घरी होता. ही रजा दुखापतीमुळेच घ्यावी लागली, हे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरून दिसले, तर चाळीस हजारांचा देकार त्या रकमेच्या एक षष्ठांशाहूनही कमी ठरतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, परंतु त्या भरवशावर थांबणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण आपल्या हातात अजून दोन महिने आहेत. अपघात पुणे जिल्ह्यात झाला असला, तरी आपण राहता तेथील, म्हणजे नाशिकच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली अर्ज करता येतो. त्यात धडक देणाऱ्या गाडीचा चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांनाही सामनेवाले करावे. गुन्हा तिसऱ्या दिवशी नोंदला गेल्याची चिंता नसावी. केवळ प्रथम खबर देण्यास उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात म्हटले आहे.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पुरावा. सीटी स्कॅन रक्तस्राव, सूज किंवा हाडाचा तडा दाखवतो. कन्कशनमध्ये बिघाड मेंदूच्या कामकाजात असतो, त्यामुळे स्कॅन नॉर्मल येणे हेच बहुधा घडते, आणि शुद्ध हरपलीच पाहिजे असेही नाही. अधिकाऱ्यांचे वाक्य खरे आहे, पण त्यातून दुखापत झालीच नाही असा निष्कर्ष निघत नाही. तथापि जे स्कॅन दाखवत नाही, ते दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते, हे मान्य करूनच तयारी करावी. डिस्चार्ज कार्डावर न थांबता रुग्णालयातून संपूर्ण केस पेपर आणि एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद मागवावी. पहिल्या तासात उलटी झाली का, काही मिनिटे आठवत नव्हती का, हे त्या वेळी ज्याने लिहिले त्याला खटल्याची कल्पनाही नसते, म्हणून त्या चार ओळींना मोठे वजन असते. त्यानंतर न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने स्मरणशक्ती व एकाग्रतेची न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घ्यावी. कार्यालयाकडून रजेचा दाखला, अपघातापूर्वीची कामगिरीची टिपणे आणि ऑडिटचे काम काढून घेतल्याचा ईमेल जपून ठेवावा. लेखापालाला आकडे लक्षात न राहणे म्हणजे काय, हे न्यायाधीशांना त्या ईमेलइतके स्पष्ट दुसरे काही सांगणार नाही. ओळखीच्या डॉक्टरकडून वाढीव टक्केवारीचे प्रमाणपत्र आणा, असे सांगणारे भेटतील. उलटतपासणीत असे प्रमाणपत्र उघडे पडले की त्याच्याबरोबर खरी तक्रारही बुडते.

रक्कम किती, हे आज सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निर्णयानुसार शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी नव्हे, तर त्यामुळे कमावण्याची क्षमता किती घटली हे पाहिले जाते. समजा आपला पगार महिना ३८,००० रुपये आहे आणि न्यायाधिकरणाने ही घट पाच टक्के मानली, तर वार्षिक तोटा २२,८०० रुपये होतो. आपल्या वयासाठी गुणक, म्हणजे वार्षिक तोट्याला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ असल्याने, पगारातील भावी वाढ धरण्यापूर्वीच ३,६४,८०० रुपये होतात. उपचारांचा खर्च, रजेचा काळ आणि वेदना हे वेगळे. परंतु पुढच्या काही महिन्यांत आपण पूर्ण बऱ्या झालात, आणि तसे पुष्कळदा होते, तर हा गुणकाचा भाग गळून पडेल व दावा पुष्कळ लहान होईल. म्हणूनच अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची घाई नको. अर्ज मुदतीत दाखल करावा, आणि उपचार स्थिरावल्यावर प्रमाणपत्र पुराव्यात आणावे. मात्र ते देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावे लागेल, हे त्यांना आधीच विचारून ठेवावे.

रुग्णालयाचे बिल आपल्या मेडिक्लेममधून भरले गेले असेल, तरी ते दाव्यात मागावे. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवले आहे. खर्ची पडलेली भरपगारी रजाही तोटा म्हणून मांडावी, कारण ती आपण कमावलेली होती.

दावा दाखल झाल्यानंतर प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची सूचना येण्याचा संभव आहे. तेथे जाण्यास माझी हरकत नाही, पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. त्यामुळे चाचणीचा अहवाल हाती येण्यापूर्वी तेथे कोणताही आकडा मान्य करू नये.