‘लॉफ्टी’ कोणाला म्हणावे?

प्रश्न : शब्दकोशात ‘लॉफ्टी’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ ‘उंच’ असा दिला आहे. मग उंच मुलाला ‘लॉफ्टी बॉय’ म्हणता येईल का? शिवाय एका इंग्रजी अग्रलेखात नेत्यांच्या ‘लॉफ्टी’ आश्वासनांची थट्टा केलेली वाचली. उंच या शब्दात थट्टा कुठून आली?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलाला ‘टॉल’ म्हणावे. ब्रिटनमध्ये ‘लॉफ्टी’ हे टोपणनाव आढळते, पण ते ताडमाड माणसाला जसे देतात तसे गमतीने एखाद्या बुटक्यालाही देतात, त्यामुळे त्याचा आधार घेता येत नाही. ज्याच्याकडे मान वर करून पाहावे लागते अशा कड्याला, मनोऱ्याला किंवा चर्चच्या छताला हे विशेषण शोभते, आणि त्यात मीटरांचा हिशेब नसतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या एका डोंगराला मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्दीने १८०२ मध्ये ‘माउंट लॉफ्टी’ असे नाव दिले. त्याची उंची ७०० मीटरांहून थोडीच अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मीही नाही.

शब्दाचे मूळ प्राचीन नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातील जुन्या भाषेत आहे. तेथील ‘लोप्ट’ म्हणजे हवा, आकाश आणि घराची माडीसुद्धा. मुंबई-पुण्याच्या घरांतला ‘लॉफ्ट’ त्यातूनच आला. ‘लिफ्ट’ त्याच कुळातली आहे, आणि ‘लुफ्तान्सा’ या विमान कंपनीच्या नावातील ‘लुफ्ट’, म्हणजे जर्मन हवा, हीदेखील त्यांची सख्खी नातेवाईक आहे. क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून मारलेल्या फटक्याला समालोचक ‘लॉफ्टेड’ म्हणतात, तेही याच घराण्यातले.

थट्टेचे बीज मात्र जुने आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातील ५७ व्या अध्यायात साक्षात परमेश्वराला ‘लॉफ्टी’ म्हटले आहे, तर त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात माणसाची ‘लॉफ्टी’ नजर खाली आणली जाईल असे बजावले आहे. म्हणजे थोरवी आणि ताठा हे दोन्ही अर्थ चारशे वर्षांपूर्वीच शेजारी शेजारी नांदत होते. आपल्याला हे नवलाचे वाटू नये, कारण ‘उद्धत’ या शब्दाचाही संस्कृतातील एक अर्थ ‘वर उचललेला’ असाच आहे.

म्हणून पुढचे नाम पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये. शिखरापुढे ‘उत्तुंग’ आणि ध्येयापुढे ‘उदात्त’ हे प्रतिशब्द चपखल बसतात. बोलण्याच्या सुराला किंवा वागण्याच्या ढंगाला हे विशेषण लागले, तर ते बहुधा निंदेचे असते आणि तेथे ‘तोऱ्याचा’ असे म्हणणे बरे. आश्वासने या दोहोंच्या मध्ये पडतात. लेखकाचा त्यांवर विश्वास असेल तर ती उदात्त; आपल्या अग्रलेखात तो नसावा असे दिसते, तेव्हा ‘भव्यदिव्य आश्वासने’ असे भाषांतर केल्यास मराठी वाचकाला त्यातला टोमणा न सांगता कळेल.