बीट झालास तर होऊ दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ चारदा पाहिला. बाद झालास तो चेंडू एकदाच, त्याच्या आधीचं षटक मात्र पुन्हा पुन्हा. कारण तुझी विकेट पडली त्या आधीच्या षटकात. त्या डावखुऱ्या स्पिनरने तुला लागोपाठ दोनदा बीट केलं, म्हणजे चेंडू बॅटला न लागता कडेजवळून गेला. स्लिपमधला हसला, कीपर काहीतरी पुटपुटला आणि तू मान खाली घालून उगाच खेळपट्टी ठोकायला लागलास. तिथून पुढे तुझी बॅट चेंडूच्या मागे धावत होती. त्याने हे पाहिलं आणि पुढच्या षटकात आर्म बॉल, म्हणजे न वळता सरळ येणारा चेंडू, टाकला. ऑफ स्टंप गेला.

तू लिहितोस, 'सर, तो वळलाच नाही.' अरे, म्हणूनच गेलास! वळलेला चेंडू तर तुला हात न लावता निघून गेला होता. दोनदा.

माझंही असंच झालंय. ऑफिस क्रिकेटचा सामना होता, समोर एक बँकेतला डावखुरा स्पिनर. पोट सुटलेलं, टोपी उलटी, आणि टप्पा असा की रुमाल टाकावा तर तिथेच पडेल. एका षटकात तीनदा बीट झालो. बॅटच्या अगदी जवळ उभ्या सिली पॉइंटवाल्याने विचारलं, 'बॅटला भोक आहे का हो?' चौथ्या चेंडूला मी वळण गृहीत धरून बॅट बाहेर नेली. चेंडू सरळ आला आणि पॅडवर बसला. पॅव्हेलियनपर्यंतचा तो रस्ता मला अजून आठवतो. लाज बीट झाल्याची वाटली होती, आऊट झालो ते ती लपवायला गेलो म्हणून.

मोठ्यांचंही वेगळं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्याजवळच्या गहुंज्याला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या त्या कसोटीत खेळपट्टी पहिल्या दिवसापासून फिरत होती. त्यांचा डावखुरा स्पिनर ओकीफ, त्याने दोन्ही डावांत पस्तीस-पस्तीस धावांत सहा-सहा गडी काढले, आपण १०५ आणि १०७ वर आटोपलो. आपले बरेच जण वळणाची वाट बघत राहिले आणि सरळ आलेल्या चेंडूने त्यांना उचललं. दुसऱ्या डावात तर कोहलीने चेंडू बाहेर जाईल म्हणून सोडला आणि मागे स्टंप वाजला. त्याच खेळपट्टीवर त्यांच्या स्मिथने १०९ केल्या. तो वारंवार बीट होत होता, झेलही सुटले, नशीब होतंच. पण तो बॅट सरळ चेंडूच्या रेषेत धरायचा. वळला तर कडेच्या बाहेरून जाऊ दे, मी मागे येणार नाही, असा हिशेब. बीट झाल्यावर चेहऱ्यावर फार काही नाही. पुढचा चेंडू.

आता हात. खालचा हात तू करकचून धरतोस. तो अंगठा आणि पहिल्या बोटापुरताच ठेव. मार्च १९८७ चा बंगळूरचा गावसकरांचा डाव मिळेल तेवढा बघ. पाकिस्तानविरुद्ध जिंकायला २२१ हव्या होत्या आणि चेंडू कधी उसळत होता, कधी खाली राहत होता. एका बाजूने डावखुरा इक्बाल कासिम, दुसऱ्या बाजूने ऑफस्पिनर तौसिफ अहमद. आपल्या बाकीच्या फलंदाजांपैकी एकालाही तीस करता आल्या नाहीत. गावसकर पाच तासांहून जास्त उभे होते, ९६ धावा. बघ कसं, चेंडू बॅटला लागतो आणि पायाशी मरून पडतो. सिली पॉइंट आणि शॉर्ट लेग ओंजळ पसरून बसलेत, पण त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही. शेवटी कासिमच्या एका उसळलेल्या चेंडूने त्यांना घेतलं आणि आपण १६ धावांनी हरलो. ती त्यांची शेवटची कसोटी. मी त्या दिवशी टीव्ही बंद करून मैदानात जाऊन बसलो होतो, ते असो.

एक गोष्ट मात्र जुन्यांची उचलू नकोस. पूर्वी पॅड पुढे टाकून बॅट मागे लपवली तरी चालायचं, अंपायर बोट वर करत नसत. डीआरएसने, म्हणजे अंपायरचा निर्णय टीव्हीवर पुन्हा तपासून घ्यायच्या सोयीने, तो धंदा बंद केला. बॅट पॅडच्या पुढे हवी.

पाय टाकायचा तर पूर्ण टाक, मागे जायचं तर स्टंपला टेकेपर्यंत जा. तू अर्ध्यावर थांबतोस. डोळा चेंडूवर पडायला हवा तो हातातून सुटताना. टप्पा पडल्यावर बघून ठरवशील तर उशीर झालेला असतो.

स्वीपबद्दल, म्हणजे गुडघा टेकून आडव्या बॅटने मारायच्या फटक्याबद्दल, विचारलंस. आमच्या वेळी मुंबईच्या मैदानांवर आडव्या बॅटने खेळणं म्हणजे पाप होतं. नेटमध्ये स्वीप मारला तर मैदानाला फेरी. आम्ही चुकत होतो. ऑस्ट्रेलियाच्या हेडनने २००१ साली स्वीपच्या जोरावर आपल्या इथे तीन कसोटींत ५४९ धावा कुटल्या, आणि २०२४ मध्ये हैदराबादला इंग्लंडच्या पोपने रिव्हर्स स्वीप (तोच फटका उलट्या बाजूला) मारमारून १९६ केल्या. स्वीपमुळे बोलरला टप्पा बदलावा लागतो, हा खरा फायदा. पण हे लोक तो रोज घोटतात. तू वैतागलास की मारतोस. कोंडी झाली म्हणून मारलेला स्वीप टॉप एज होऊन वर जातो. कोंडी फोडायला आधी एकेरी धाव शोध. मिडविकेटला ढकललेली एक धाव बोलरला जास्त झोंबते, कारण पुढच्या चेंडूला त्याला दुसऱ्याच फलंदाजाशी नव्याने सुरुवात करावी लागते.

तेंडुलकरचं तर तुला माहीतच असेल. मार्च १९९८, चेन्नई, पहिल्या डावात ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर वॉर्न याला पुढे येऊन मारायला गेला, स्लिपमध्ये टेलरने झेल घेतला, धावा चार. दुसऱ्या डावात नाबाद १५५. लोकांना ते १५५ आठवतात. मला आठवते ती त्याआधीची तयारी. वॉर्न राउंड द विकेट, म्हणजे स्टंपच्या दुसऱ्या बाजूने, येऊन लेग स्टंपबाहेरच्या खड्ड्यात टाकणार, हे ओळखून त्याने नेटमध्ये तिथली माती मुद्दाम उकरून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णनला तिथेच लेगस्पिन टाकायला लावले. म्हणजे चेन्नईत जे चेंडू आले ते त्याने आधीच शेकडो वेळा पाहिले होते.

आपणही तेच करू. माळीबुवांशी बोललोय, कडेची ती उखडलेली विकेट ते आपल्याला देतील. शनिवारी साडेसहाला ये, ऊन चढायच्या आत. जुने स्पाइक्स आण. दोन डावखुरे पोरगे बोलावलेत. पहिला अर्धा तास धावा मोजायच्या नाहीत, किती वेळा बीट झालास ते मी मोजणार. दहाच्या खाली आकडा आला तर समजेन की तू चेंडूच्या मागे धावतोयस.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
सर