मर्यादा १२० असताना तुम्ही हायवेवर खरंच १२०नेच गाडी चालवता का?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा की बाकीचे सगळे १३०-१४०ने जात असताना एकट्याने १२०ला चिकटून राहणं उलट जास्त धोक्याचं नाही का?

मी ११५ ते १२०च्या मध्ये असतो, तेही ओव्हरटेकची लेन मोकळी ठेवून. नेहमीच असा शहाणा नव्हतो. बरीच वर्षं मीही १४०वाल्यांतलाच. मग निघताना गाडीतला सरासरी वेगाचा आकडा शून्य करायची सवय लागली आणि माझा पोपट झाला. त्याच ३०० किलोमीटरच्या रस्त्यावर दात-ओठ खाऊन चालवलं तेव्हा सरासरी आली १०४, निवांत चालवलं तेव्हा ९८. फरक जेमतेम ११ मिनिटांचा. पेट्रोल भरायला थांबलं तरी तेवढी जातात.

यात गाडीचा दोष नाही, गणितच तसं आहे. ६०चा वेग ७० केला तर १०० किलोमीटरमागे १४ मिनिटं वाचतात. १२०चे १३० केले तर चारसुद्धा नाही. आणि १३० सलग मिळतो कुठे? पुढे एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करायला निघाला की केलेली सगळी कमाई तिथेच संपते.

मला खरं हलवलं ते ब्रेकच्या हिशेबाने. समजा रस्ता कोरडा आहे, टायर चांगले आहेत आणि पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागतो. १०० वेगाची गाडी साधारण ९७ मीटरमध्ये उभी राहते. तिच्या शेजारून १२०ने जाणाऱ्यालाही तोच अडथळा त्याच क्षणी दिसला आणि त्यानेही तितक्याच जोरात ब्रेक दाबला. पहिली गाडी अडथळ्याच्या तोंडाशी थांबते, तेव्हा दुसरी किती वेगाने आदळते? बहुतेकजण '२०' म्हणतात, मीही म्हणालो असतो. उत्तर आहे ७५च्या आसपास. त्या दीड सेकंदातच तिचे ५० मीटर गेलेले असतात, आणि वेग २० टक्क्यांनी वाढला तरी जिरवायची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. हे कागदावर मांडून पाहा, मला तीनदा करून पाहावं लागलं.

आता 'सगळ्यांच्या बरोबरीने चला' या मुद्द्याविषयी. तो अगदीच हवेतला नाही. अमेरिकेत डेव्हिड सॉलोमन यांच्या १९६४च्या अभ्यासात सरासरीच्या जवळपास चालणाऱ्या गाड्यांचे अपघात सर्वांत कमी आढळले होते, फार सावकाश चालणाऱ्यांचे बरेच जास्त. पण नंतर त्यावर आक्षेप आले, कारण त्या 'सावकाश' गाड्यांत वळण्यासाठी वेग कमी केलेल्याही मोजल्या गेल्या होत्या. शिवाय हायवेवर ट्रक ८०-९०ने जातच असतात. त्यांच्या लेनमध्ये तुमचे १२० कुणाला अडथळा होणार? ओव्हरटेकच्या लेनमध्ये ठाण मांडून मागच्यांना नियम शिकवणारा मात्र मला १४०वाल्याइतकाच नकोसा वाटतो.

मर्यादेचा आकडा काही दगडावरची रेघ नाही, हेही मान्य. अमेरिकेत १९७४ मध्ये देशभर ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आली ती तेलटंचाईमुळे, इंधन वाचवायला. ती १९९५ मध्ये गेली. जर्मनीच्या ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या हायवेवर, कित्येक पट्ट्यांत मर्यादाच नाही, फक्त १३०ची शिफारस आहे. मला सगळ्यांत पटते ती फ्रान्सची पद्धत: मोटरवेवर एरवी १३०, पाऊस असेल तर ११०. पावसात मी आपला आपण तेवढा उतरतो आणि क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बंद करतो.

एक गंमत म्हणजे काट्यावरचे १२० खरे १२० नसतात. युरोपीय नियमात स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणं चालत नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतो. माझ्या गाडीत काटा १२०वर असतो तेव्हा जीपीएस ११५ सांगतो. म्हणून 'काट्यावर १२०' यालाच मी मर्यादा मानतो.

मागून कुणी बंपरला चिकटून डिपर मारायला लागला तर काय? पुढे जागा मिळाली की इंडिकेटर देऊन बाजूला होतो. त्याला धडा शिकवायला ब्रेकला हात लावत नाही... म्हणजे पाय. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंद अंतर, पावसात चार. त्या फटीत कुणीतरी घुसतोच. मग पुन्हा थोडं मागे. चिडचिड होते, पण तेवढीच.

आणि हायवे सोडताना काट्याकडे मुद्दाम बघतो. तासभर १२०ने आल्यावर ७० म्हणजे गाडी रांगतेय असं वाटतं, आणि हायवेवरून बाहेर पडायचं वळण असतं ४०चं.

मर्यादा कधीच ओलांडत नाही का? ओलांडतो. लांबलचक ट्रकच्या शेजारी रेंगाळायला मला भीती वाटते, तेव्हा पाच-दहा सेकंद काटा १२८पर्यंत जातो.