दोनशे खेळ येतात, प्रयोग एकही नाही

"आवड लहानपणापासूनची आहे, पण तिच्यावर घर चालेल का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी गाणारे येतात, चित्रं काढणारे येतात. दोन वर्षांपूर्वी आले ते जादूवाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ४२, पतपेढीत नोकरी, मुलगी दहावीत. वडिलांनी पुण्यात जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिलेले. त्यांचं वर्णन ऐकत ऐकतच हे पत्ते पिसायला शिकले. आता राजीनामा लिहून तयार होता, तारीख तेवढी घालायची बाकी होती. शेजारी पत्नी गप्प बसलेल्या.

"माझं वय उलटून गेलंय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी त्यांना रॉबेर-हूदँची गोष्ट सांगितली. हा फ्रेंच माणूस मूळचा घड्याळजी. १८४५ साली पॅरिसमध्ये त्याने स्वतःचं जादूचं थिएटर उघडलं, तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. म्हणजे अडचण वयाची नव्हती.

मग मी विचारलं, "अनोळखी लोकांसमोर सलग पाऊण तास किती वेळा उभे राहिलात?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. भाच्यांचे वाढदिवस, ऑफिसातला सत्यनारायण, तेही दहा-दहा मिनिटं. खेळ दोनशे येत होते, पण बांधलेला प्रयोग एकही नव्हता. आरशासमोर बोटं तयार होतात. पण "बाहीत आहे, बाहीत आहे!" असं ओरडणारा मुलगा, किंवा मदतीला बोलावल्यावर स्टेजवर रडायला लागलेली चिमुरडी, हे आरसा शिकवत नाही.

"मानधन किती सांगता?"

"मी काय सांगणार, देतील ते."

खरी गाठ इथे होती. पैसे घेतले की आवड बाटेल, असं ते म्हणत. बोलता बोलता निघालं ते वेगळंच. फुकट खेळ केला की कुणी नावं ठेवत नाही. पैसे घेतले की समोरच्याला तो हक्क मिळतो. त्यांना त्या हक्काची भीती होती. कलावंतांमध्ये ही भीती मी फार पाहते, आणि तिच्याकडे कमीपणाने पाहू नये असं मला मनापासून वाटतं. इतकी वर्षं एकट्याने जपलेली गोष्ट परक्यांच्या हाती द्यायची असते.

तेवढ्यात पत्नी पहिल्यांदा बोलल्या. "मला जादूचा राग नाही हो. पण कपाटावरच्या पेटीत किती हजारांचं सामान आहे, ते मला पावत्या सापडल्यावर कळावं?" माझ्या मते त्या दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच.

ठरलं ते असं: राजीनामा फाडायचा नाही, द्यायचाही नाही. दोनशेतले आठ खेळ निवडून प्रयोग बांधायचा. तीस प्रयोग करायचे, मानधन थोडं असलं तरी चालेल, पण फुकट एकही नाही. आणि वही पत्नीच्या हाती. त्यात रिक्षाभाडं आणि मदतनिसाचे पैसेही लिहायचे. वर्षभर वाट पाहायची, कारण गणेशोत्सव आणि शाळांची स्नेहसंमेलनं पाहून हुरळून जाता येतं. पितृपक्ष आणि जून-जुलैचे कोरडे आठवडेही वहीत उतरायला हवेत.

पहिला प्रयोग पडला. सोसायटीवाल्यांनी हातात माइक दिला आणि यांना दोन्ही हात मोकळे हवे होते! घरी कधी हा विचारच आला नव्हता. रात्री अकराला त्यांचा फोन आला, आवाज पार खचलेला. मी एवढंच म्हटलं, "हे वहीत लिहा." पुढच्या आठवड्यात कॉलर माइक घेतला, दुकानात दोघं मिळून गेले.

चौदा महिन्यांनी दोघं आले तेव्हा सव्वीस प्रयोग झाले होते. नोकरी चालू होती. राजीनाम्याचा विषय मुलीच्या बारावीनंतर काढायचा, असं त्यांनी घरीच ठरवलं होतं. बोलणं चालू असताना फोन वाजला. तो पत्नींनी घेतला आणि वही उघडली.

"हो, बारा तारीख मोकळी आहे. निम्मी रक्कम आधी लागेल. आणि स्टेजसमोर पहिल्या रांगेत मुलं बसवा, खुर्च्या मागे."