अल्टिमा फोर: गावातल्या लोकांकडून क्लू कसे काढायचे

तू लिहिलंयस की अल्टिमा फोर या कॉम्प्युटर गेममधली ब्रिटन आणि मूनग्लो दोन्ही गावं पालथी घातलीस, भेटेल त्याला नेम, जॉब, हेल्थ विचारलंस आणि तरी ना मंत्र मिळाला ना रून (गेममधल्या देवळांत ध्यान करायला लागणारा शब्द आणि दगड). अरे, नेम-जॉब-हेल्थ ही नुसती ओळख झाली, कामाचं बोलणं त्याच्या पुढे सुरू होतं.

गेम १९८५ चा आहे, स्क्रीनवर प्रश्नांची यादी येईल आणि आपण त्यातून निवडू असा प्रकार यात नाही, प्रश्न आपणच टाइप करायचा. नेहमीचे प्रश्न सोडले तर प्रत्येक माणसाला फक्त दोन खास विषय कळतात, आणि ते कुठले हे बऱ्याचदा त्याच्याच उत्तरात असतं. म्हणजे समजा जॉब विचारल्यावर कोणी म्हणालं की मी मेडिटेशन करतो, तर लगेच तोच शब्द टाकायचा, मग त्या उत्तरात मंत्राचं नाव निघालं की मंत्र विचारायचा, असं उत्तरातला शब्द उचलून पुढे पुढे जायचं. गेम शब्दाची पहिली चार अक्षरंच बघतो त्यामुळे स्पेलिंगचं टेन्शन घेऊ नकोस.

पण काही जणांचा शब्द त्यांच्या तोंडून निघतच नाही, तो दुसऱ्या गावातला कोणीतरी सांगतो, की अमक्याला जाऊन अमुक विचार. म्हणून वही लागतेच. गेममध्ये जर्नल नाही. माणसाचं नाव, गाव, आणि कोणी कोणाकडे पाठवलं, एवढं लिहीत जा, आणि ज्याच्याकडून काहीच मिळालं नाही त्याचंही नाव लिही कारण चार गावं फिरल्यावर नेमका त्याचाच शब्द हाती लागतो. मला या गेमचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे, अख्खं ब्रिटानिया, म्हणजे गेमचं जग, एकमेकांना ओळखतं असं वाटायला लागतं.

मूनग्लोत मराया आणि ब्रिटनमध्ये आयोलो भेटले असतील, हे तुझ्या पार्टीत, म्हणजे टोळीत, येऊ शकणारे सोबती. त्यांना जॉइन म्हणायच्या आधी सगळं विचारून घे!! पार्टीत आले की ते गावातून नाहीसे होतात, मग त्यांच्याशी बोलता येत नाही.

पबमध्ये नुसतं खाऊन-पिऊन निघू नकोस. दारूवर चांगली टिप ठेवलीस की मालक विचारतो काय जाणून घ्यायचंय, तिथे विषय टाकायचा. सेक्स्टंट (आपण नकाशावर कुठे आहोत ते सांगणारं यंत्र) विचारून बघ. गिल्डच्या दुकानात टॉर्च, जेम, चावी एवढंच यादीत दिसतं, सेक्स्टंट यादीत नसतोच, डी दाबून मागावा लागतो, आता हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? तसंच मँड्रेक आणि नाइटशेडचं. जादूसाठी लागणाऱ्या आठ वस्तूंपैकी (रिएजंट) सहा दुकानात मिळतात, ही दोन कुठेच विकत नाहीत, ठराविक जागी जाऊन शोधावी लागतात आणि तेही स्क्रीनच्या वर दिसणारे दोन्ही चंद्र अमावस्येला असतील तेव्हाच. जागा मी सांगत नाही, लोकांकडूनच काढ.

कधीकधी समोरचा उलट तुलाच हो-नाही प्रश्न विचारेल. तिथे घाईत काहीही ठोकू नकोस. बढाई मारलीस तर ह्युमिलिटी (नम्रता, गेम मोजतो त्या व्हर्चूंपैकी म्हणजे सद्गुणांपैकी एक) कमी होते आणि स्क्रीनवर काही कळतही नाही. भिकारी दिसला तर गिव्ह करून थोडं सोनं दे, कम्पॅशन (करुणा) वाढतं, आणि त्याच्याशी नीट बोल पण, भिकाऱ्यांकडेही माहिती असते.

आणि गेममधला राजा लॉर्ड ब्रिटिश, त्याच्या किल्ल्यात अधूनमधून जात जा. त्याला हेल्प विचारलंस की तू कुठपर्यंत पोचलायस ते बघून तो पुढची दिशा सांगतो, तब्येतीचं विचारल्यावर उलट तुलाच विचारेल बरा आहेस का, तेव्हा नाही म्हण, सगळी पार्टी बरी करून देतो. त्याच किल्ल्यात हॉकविंड नावाचा द्रष्टा आहे, त्याला एकेका व्हर्चूचं नाव टाकून विचार, कुठे कमी पडतोयस ते तो स्पष्ट सांगतो.

वॉकथ्रू मात्र उघडू नकोस प्लीज, निदान मंत्र आणि गेमच्या शेवटी लागणाऱ्या पासवर्डसाठी तरी नको. त्या पासवर्डचे तीन तुकडे तीन किल्ल्यांत वेगवेगळ्या लोकांकडे आहेत, लायसीयम, एम्पथ अ‍ॅबी आणि सर्पंट्स होल्ड. आत्ता ब्रिटनमध्येच आहेस तर आधी तिथल्या सगळ्यांना कम्पॅशन, रून आणि मंत्र हे तीन शब्द पुन्हा एकदा विचारून ये, आणि तरी अडलास तर कोण काय म्हणालं ते इथे लिही, आपण बघू.