वळ आठवले, आईचा हात विसरला

‘मॅडम, भीती घालवायला थोडी जबरदस्ती करावीच लागते ना?’ हा प्रश्न दापोलीच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत अनेक आईबाप विचारतात. तो विचारणारे एक वडील चांगलेच लक्षात राहिले आहेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हर्णैच्या बाजूचं गाव, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीत विहीर. नऊ वर्षांचा मुलगा पाण्याला घाबरायचा. मे महिन्यात वडिलांनी त्याला उचलून विहिरीत टाकलं आणि मागोमाग उडी मारून बाहेरही काढलं. पण तेव्हापासून पोरगा डोक्यावरून पाणी घेईना. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. माझ्यासमोर बसला तेव्हा मी पाण्याचा पेला ठेवला, तर त्यानं तो दोन बोटांनी ढकलत टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला.

वडील वाईट नव्हते. लहानपणी शाळेत पाहिलेला ‘श्यामची आई’ त्यांच्या मनात घर करून होता. अत्र्यांचा हा १९५३चा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला. साने गुरुजींचं पालगड आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे इथे श्याम शेजारच्या घरातला वाटतो. ‘तिनं मारून पाठवला पोहायला, म्हणून तो माणूस झाला,’ वडील म्हणाले.

मी त्यांना घरी जाऊन पुस्तकातलं पोहण्याचं प्रकरण वाचायला सांगितलं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक त्यांच्या घरी होतंच.

पुढच्या खेपेला ते जरा गप्प होते. श्याम घरी परत आल्यावर आई त्याच्या पाठीवरचे वळ बघते, तिचे डोळे भरून येतात, आपण असं का केलं ते ती त्याला समजावते. हे त्यांना आठवतच नव्हतं. मुक्या कळ्या खुडू नका, त्यांना झाडावरच फुलू द्या, असं सांगणारीही हीच आई. मारणं मला आजही पटत नाही, त्या आईनं केलं तरी. पण तिनं मुलाला त्या भीतीत एकटं सोडलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘तुम्ही कसे शिकलात पोहायला?’ मी विचारलं.

‘आज्यानं ढकललं.’

‘मग घरी गेल्यावर?’

‘घरी काय... जेवलो, झोपलो.’ ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

भीतीचं असं असतं, की सुटायची वाट नसताना मूल पाण्यात पडलं तर त्याचं शरीर एवढंच शिकतं, पाणी म्हणजे संकट. तेच मूल स्वतःच्या मर्जीनं थोडं पुढे गेलं, तिथे घाबरत का होईना थांबलं आणि काही वाईट घडलं नाही, की भीती हळूहळू उतरते. म्हणून पायऱ्या ठरवल्या, आणि त्या मुलानं ठरवल्या. आधी बादलीत हात. मग तोंडावर ओंजळभर पाणी. मग पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, उथळ पाण्यात घोट्यापर्यंत. ‘बस’ म्हटलं की तिथेच थांबायचं, आणि ‘भित्रा’ हा शब्द घरात कुणीच काढायचा नाही. आजीला हे शेवटचं जड गेलं.

सगळ्यात आधी मात्र वडिलांनी मुलाची माफी मागितली. हे मी सुचवलं नव्हतं. पडवीत बसून म्हणाले, ‘तुला न विचारता टाकलं, चुकलं माझं.’ मुलगा काहीच बोलला नाही, पण त्या रात्री बाबांच्या शेजारी झोपला.

दिवाळीनंतर दोघं आले तेव्हा अंथरूण कोरडं राहायला लागलं होतं. पोहायला अजून येत नव्हतं. विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर दोघं पाय सोडून बसतात, असं मुलानं सांगितलं.

‘चौथ्या पायरीला पाणी लागतं,’ तो म्हणाला. ‘तिथं आधी बाबा उतरणार. मग मी बघणार.’